दोन तिकिटं, न फाडलेली

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

"माझं वय ४८. बँकेत नोकरी. गाणं शिकलो नाही, पण घरात कायम ऐकत आलो. किशोरी आमोणकर म्हणजे माझं दैवत. कॉलेजात असताना त्यांचा भूप राग कॅसेटवर ऐकला आणि ती कॅसेट झिजवून टाकली. पण समोर बसून त्यांना एकदाही ऐकलं नाही. एकदा दादरच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली होती. मार्चअखेर होती, साहेबांना नाही म्हणता आलं नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला जाऊ. ती खेप आलीच नाही. ४ एप्रिल २०१७ ला सकाळी पेपर उघडला आणि बसूनच राहिलो. तिकिटं अजून कपाटात आहेत.

परवा माझी १७ वर्षांची मुलगी रडत होती. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन दिवस वाजवून गेले. ऑनलाइन रांगेत तासन्‌तास थांबूनही तिला तिकीट मिळालं नव्हतं. मैत्रिणीच्या फोनमधले व्हिडिओ बघून ते सगळं पुन्हा वर आलं. मी म्हटलं, 'अगं, मोबाइलवर आहे ना सगळं.' तर म्हणाली, 'मग तू ती तिकिटं का ठेवलीयस, बाबा?' मला उत्तर देता आलं नाही. बायको म्हणते, या वयात असल्या गोष्टींचं काय घेऊन बसलात. ही रुखरुख कशी घालवू? आणि मुलीला काय सांगू?"

नमस्कार.

असं पत्र हातात आलं की सल्ला देणाऱ्याला एक मोह होतो. खरं दुःख निराळंच आहे, गाणं नुसतं निमित्त, असं काहीतरी शोधून काढायचा. नोकरीत गेलेली वर्षं, राहून गेलेलं तरुणपण वगैरे. मी तिकडे जाणार नाही. किशोरीताईंचं गाणं समोर बसून ऐकायचं राहिलं याचं तुम्हाला वाईट वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या लेखी दुःख तेवढंच आहे, आणि ते पुरेसं मोठं आहे.

मोबाइलवर सगळं नाहीये, हे तुमच्या मुलीला कळलंय. तुम्हालाही ठाऊक आहे. त्याला कारणही आहे.

तंबोऱ्याचं घ्या. चार तारा. पहिली पंचमाची, रागाप्रमाणे कधी मध्यमाची किंवा निषादाची. मग जोडीच्या दोन षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला 'सा'. घोडीवर प्रत्येक तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. जवारी, म्हणजे तारेचा घोडीशी होणारा हा स्पर्श, नीट लागली की तार नुसती वाजत नाही, झंकारायला लागते आणि तिच्यातून वरचे कितीतरी स्वर निघतात. खर्जाच्या तारेतून तर गंधार, म्हणजे 'ग', स्वच्छ ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा, स्वर कोणता? गंधारच. ज्या गंधारासाठी तुम्ही कॅसेट झिजवलीत, तो सभागृहात आधी तंबोऱ्यातून येतो आणि गाणारी नंतर त्यात जाऊन मिसळते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज जवळपास येतच नाही. मग त्या खर्जातून उठणारा गंधार तरी कुठून येणार?

वेळेचंही तसंच. लाँग प्ले रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावायची, तेवढ्यात भूप उरकावा लागायचा. मैफलीत तोच राग तासभर चालायचा. त्याआधीच्या पिढीच्या वाट्याला तर तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आल्या. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांनी फार थोडं ध्वनिमुद्रण होऊ दिलं. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी अवकाशात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर १ निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती भैरवी आज ग्रहांच्याही पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. पण त्यांची अख्खी मैफल ज्यांनी ऐकली त्यांना विचारलं तर ते सांगतील की त्या साडेतीन मिनिटांत बाई मावलेल्याच नाहीत.

तेव्हा घरी कोणी "काय घेऊन बसलात" म्हटलं तर वाद घालू नका, पण मनातल्या मनात मान्यही करू नका. तुमचं खरोखरच काहीतरी हुकलंय.

मी किशोरीताईंना एकदा ऐकलं, पुण्यात. कुठल्या साली ते आता नक्की सांगता येणार नाही, पण थंडी होती, कारण शेजारच्या बाईंच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आम्ही मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत होतो. तंबोरे लावायला बराच वेळ लागला. लोक आधी कुजबुजत होते, मग हळूहळू सगळं सभागृह त्या लावण्याकडेच कान देऊन बसलं. ताईंच्या मांडीवर स्वरमंडल, डोळे मिटलेले. राग यमन होता. निषाद, रिषभ करत त्या गंधारावर आल्या आणि तिथे थांबल्या. मी रुमाल काढायला पर्सची चेन अर्धी उघडली होती. ती तशीच राहिली. पुढची उघडली असती किंवा मागे ओढली असती तर आवाज झाला असता. राग संपेपर्यंत माझी दोन बोटं त्या चेनवर होती. घरी आल्यावर बघितलं तर बोटांवर वळ उठले होते. गाणं कसं होतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. बोटांचं सांगता येतं.

हे तुम्हाला चिडवायला लिहिलं नाही. माझ्याकडे आहे ते तुम्हाला द्यावं म्हणून लिहिलं. आणि तुम्ही हेच करावं अशी माझी पहिली सूचना आहे. किशोरीताई पन्नासहून जास्त वर्षं जाहीर मैफली करत होत्या. त्यांना ऐकलेली माणसं तुमच्या आजूबाजूला भरपूर असणार. डोंबिवलीत तर असणारच. सोसायटीतले ७५-८० वर्षांचे आजी-आजोबा, बँकेतले निवृत्त सहकारी, गाण्याच्या क्लासच्या बाई. त्यांना "कसं झालं होतं गाणं?" असं विचारू नका. "वा, काय सांगू!" एवढंच उत्तर येईल. कुठे बसला होतात, बरोबर कोण होतं, शेवटची लोकल मिळाली का, घरी जाताना काही बोललात का, हे विचारा. माणूस जागेपासून आठवायला लागला की मागून सूरही येतात. हे मी माझ्यावर करून पाहिलंय.

कारण माझंही एक राहिलंय.

मी मूळची इंदूरची. देवास तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. माताजींच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे घर, आणि तिथे गायक कुमार गंधर्व. १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन ते माळव्यात आले. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते, गाण्याची बंदी होती, आणि त्यातून उठून ते एका फुप्फुसाच्या बळावर गायले. ही गोष्ट आमच्या घरी रामायण-महाभारतासारखी सांगितली जायची. वडील त्यांना ऐकायला जायचे. मला म्हणायचे, चलतेस का? मी जात नसे. देवास काय, केव्हाही जाता येईल. इतक्या जवळ राहणारा माणूस आपल्याला कायमचाच वाटतो. कॉलेजात गेल्यावर गाण्याचं वेड लागलं आणि मग मी ठरवलं, या वर्षी नक्की. १२ जानेवारी १९९२, रविवार. रेडिओवर बातमी लागली तेव्हा वडील दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या चेहऱ्यावरचा साबण टॉवेलने पुसला आणि खुर्चीवर बसले. त्या दिवशी ते मला एका शब्दानेही म्हणाले नाहीत की मी तुला सांगत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा रुखरुख कशी घालवायची, हे मला माहीत नाही. माझी गेलेली नाही. त्रास होत नाही असंही नाही. कुमारजींची निर्गुणी भजनं लागली की अजून एक क्षण त्या दाढीच्या साबणाचा वास येतो. पण ती आता घरातल्या माणसासारखी झाली आहे आणि मी तिला हाकलत नाही.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं काही लिहिते.

मार्चअखेरीला तुम्ही थांबलात ही चूक होती का? थोडी होती. "साहेब, एवढी संध्याकाळ सोडा, उद्या पहाटे सातला येतो," असं म्हणता आलं असतं, हे तुम्हालाही कळतं. नाहीतर ती तिकिटं कपाटात नसती. पण त्या एका संध्याकाळीबद्दल मी तुम्हाला फार दोष देणार नाही. ऐंशी ओलांडल्यावरही ताई गात होत्या. पुढची खेप येईल असं वाटणं साहजिक होतं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ताईंना जाऊन इतकी वर्षं झाली. या वर्षांत कुणाच्या गाण्याला गेलात, याचा पत्रात एका ओळीचाही उल्लेख नाही. मला वाटतं, तुम्ही गेलाच नाहीत. त्या नाहीत तर मग कोण, असं काहीसं झालं असावं. २०२४ हे एकच वर्ष आठवून बघा. ९ जानेवारीला राशीद खान गेले, अवघे ५५ वर्षांचे. १३ जानेवारीला पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या. ९१ वर्षांच्या होत्या आणि गात होत्या. १५ डिसेंबरला झाकीर हुसेन. तिघेही मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं येत-जात होते. ताईंसाठी हळहळताना यातल्या कुणाला ऐकायचं राहिलं असेल, तर मार्चअखेरचं काम तुम्ही अजून संपवलेलंच नाही.

जे आज गात आहेत त्यांच्याकडे जा. रघुनंदन पणशीकर, आरती अंकलीकर-टिकेकर, नंदिनी बेडेकर हे ताईंकडे शिकलेले लोक आज मैफली करतात. पण त्यांच्यात ताईंना शोधायला जाऊ नका. तो गाणाऱ्यावर अन्याय आहे आणि ऐकणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही. आणि ज्यांचं नाव तुम्ही अजून ऐकलंही नाही अशा पंचविशीतल्या मुलामुलींना तर जरूर ऐका. दादर, पार्ले, ठाणे, तुमची डोंबिवली, सगळीकडे मंडळांच्या छोट्या बैठका होतात. पुष्कळदा विनामूल्य असतात, सतरंजीवर बसायचं असतं आणि तंबोरा तुमच्यापासून दहा फुटांवर असतो. स्वयंभू गंधार ऐकायचा तर याहून चांगली जागा नाही. अर्धा तास आधी जा. तंबोरे लावताना बसा. कुणाची सोबत मिळेल म्हणून थांबू नका. तुमची दोन तिकिटं होती, कदाचित एकच असतं तर तुम्ही गेलाही असता.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला या. पण संध्याकाळी नामवंतांच्या वेळेला धावत येऊ नका. दुपारी पहिला कलाकार बसतो तेव्हा या. बहुधा तो तरुण असतो, मांडव अर्धा रिकामा असतो, आणि तो जीव ओतून गात असतो. या उत्सवाबद्दल मला एक गोष्ट नेहमी जाणवते. भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव उभा केला आणि वाढवला. आज त्या मांडवात बसलेल्या हजारो लोकांपैकी सवाई गंधर्वांना समोर बसून ऐकलेलं बहुधा कुणीच नसतं. ज्यांना आपण ऐकू शकलो नाही अशा माणसाच्या नावाने आपण दरवर्षी जमतो आणि जे आहेत त्यांना ऐकतो.

एक मात्र तिथेही आता मिळत नाही. पूर्वी रमणबागेत हा उत्सव रात्रभर चालायचा आणि शेवटी पहाटे भीमसेनजी गायला बसायचे. ध्वनिक्षेपकांवर रात्रीची बंधनं आली आणि ते संपलं. आता मुकुंदनगरला उत्सव होतो, सुखसोयी आहेत, पण रात्रभर जागून उजाडताना ऐकलेला ललत किंवा तोडी गेला तो गेलाच. संध्याकाळच्या मैफलींना सरावलेल्या श्रोत्यांची एक अख्खी पिढी अशी आहे की तिने सकाळचे राग समोर बसून फारसे ऐकलेलेच नाहीत. म्हणून दिवाळी पहाट चुकवू नका. पण निवडून जा. सुगम गाण्यांच्या पहाटा पुष्कळ असतात, जिथे कुणी भैरव किंवा तोडी मांडून बसणार आहे तिथे जा. अभ्यंगस्नान करून, उटण्याचा वास अंगाला असताना.

कॅसेटचंही सांगते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं आजपासून बंद. बरे स्पीकर घ्या किंवा चांगले हेडफोन. स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा मैफलीतली ध्वनिमुद्रणं शोधा, ज्यांत तंबोरे जुळवतानाचा आवाज, श्रोत्यांची दाद, मध्येच कुणाचं खोकणं असतं. दिवा मालवून, मध्ये न उठता, राग संपेपर्यंत ऐका. मैफल ती नव्हेच. पण भांडी घासताना मागे लावून ठेवलेल्या गाण्यापेक्षा हे कितीतरी जवळचं आहे.

आता तुमची मुलगी. फार हुशार आहे हो. तिने एका वाक्यात तुमची पंचाईत केली आणि बरोबर केली.

तिला आधी सांगा, "माझं चुकलं." मोबाइलवर सगळं आहे असं म्हणालो ते खोटं होतं. मग ती दोन तिकिटं कपाटातून काढून तिच्या हातात द्या आणि तुम्ही का गेला नाहीत ते सगळं, साहेबांसकट सांगा. मुलांना आईवडिलांचं राहून गेलेलं सहसा कळत नाही, आपण ते टोमण्यातूनच त्यांच्यापर्यंत पोचवतो. हे सरळ सांगा. आणि "तिकिटं किती महाग होती, बरंच झालं" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका.

मग तिला म्हणा, तुझी गाणी मला ऐकव. एक अख्खी संध्याकाळ. कुठलं गाणं, कुठे काय येतं, हजारो लोक मनगटावरचे दिवे लावून एका सुरात गातात तेव्हा काय होतं, ते तिला बोलू द्या. तुम्हाला ते आवडेलच असं नाही. भूप ऐकलेल्या कानांना त्यात काय सापडेल ते मी सांगू शकत नाही. पण ती कशासाठी रडली ते तुम्हाला कळेल. नंतर तिला भूप ऐकवा, तोही अख्खा. भीमसेनजींना लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही तबकडी कानावर पडली होती. झिंझोटी रागातली, तीन-साडेतीन मिनिटांची. त्या सुरांचं वेड इतकं की १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला मुलगा घरातून निघून गेला. कुणाला कशातून काय लागेल ते आधी कळत नाही, म्हणून तिच्या गाण्याला हलकं लेखू नका.

आणि ते लोक पुन्हा भारतात आले, किंवा तिच्या आवडीचं आणखी कुणी आलं, तर घरातल्या चार फोनवरून चौघे रांगेत उभे राहा. त्या दिवशी रजा टाका. मार्च असला तरी. १७ वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायची काळजी वाटत असेल तर बरोबर जा. परतीच्या लोकलचं आधी बघून ठेवा, बाटलीभर पाणी घ्या, आणि ती नाचत असेल तेव्हा दोन पावलं मागे उभे राहा.

ती तिकिटं मात्र टाकू नका. कपाटातून काढून भूपाच्या कॅसेटच्या डबीत ठेवा.

आणि एक काम माझंही करा. ताईंना ऐकलेली माणसं शोधायला निघालात की त्यात कुमारजींना ऐकलेलं कुणीतरी नक्की भेटेल. त्यांना माझ्या वतीने विचारा, कुठे बसला होतात. उत्तर मला कळवा. मी वाट बघते.